भवऱ्यासमोरचा पाय

ता. २ सप्टेंबर १९१२, सोमवार. कॅसलरॉक

आज पुन्हा तोच प्रकार. सकाळी पट्टा चढवला, यंत्र फिरू लागले, आणि मी वळून पाहतो तो आमचा सुतार बाबलो मेस्त याचा उजवा पाय यंत्राच्या मेजावर. अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत सागाचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर उतरणारे पाते. पाते व अंगठा यांच्यामध्ये करंगळी आडवी मावणार नाही. ओरडलो असतो तर तो दचकला असता, म्हणून ओरडलोही नाही. खाच पडली, पाते वर गेले, पाय खाली आला, तेव्हा कुठे तोंड उघडले.

"मेस्त, हे बंद करा."

"कशापायी?"

"पाय जाईल."

"मास्तर, हात दोन, कामं तीन. एका हातानं दांडा वढायचा, एका हातानं तुकडा सरकवायचा. मग धरायचा कुणी? तुमी?"

बाकीचे हसले. मीही हसल्यासारखे केले. दिवसभर चित्त थाऱ्यावर नाही. येथला यंत्रांचा मास्तर मी, आणि हे यंत्र येथे मीच आणवले आहे. बेळगावला शेठजींच्या ओसरीवर बसून त्याचे नकाशे काढले, त्याचे गुण सांगितले. आता त्यांच्या या वखारीत कुणाचा पाय गेला तर तो माझ्या…

ता. ३, मंगळवार

पाऊस. जळवा यंत्राच्या छपरीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आहेत.

लिहून काढल्यावाचून मला विचार सुचत नाही. शाळेत असल्यापासूनची खोड. तेव्हा मुद्दा मांडतो.

यंत्र असे. लोखंडी खांबाचा एक हात पुढे आलेला, त्या हातातून खाली लोंबणारा कणा, कण्याच्या टोकास बोटाएवढे पाते. वाफेच्या एंजिनावरून पट्टा येतो आणि पाते इतके वेगाने फिरते की दिसतच नाही, नुसता धुरकट ठिपका दिसतो. दांडा ओढला की पाते खाली येऊन लाकडात उतरते. ज्याने यंत्र विकले तो साहेब त्याला राउटर म्हणे. आमची माणसे भवरा म्हणतात, आणि मला ते नाव अधिक पटते. काम एकच: आगगाडीच्या डब्यांच्या खिडक्यांना ज्या झडपा असतात त्या वर सरकवण्यासाठी बोट अडकवायला लांबट खाच लागते, ती लहान लहान ठोकळ्यांवर पाडायची.

आता लहान ठोकळा अवघड का? मोठी फळी स्वतःच स्वतःला धरते. तिला वजन असते, लांबी असते, पात्यापासून दूर हात ठेवायला जागा असते. पाते तिला ओढू लागले की तिचा सगळा भार आड येतो. तोच साग विड्याच्या पानाएवढा कापा. भार गेला, लांबी गेली, हात ठेवायची जागा गेली, आणि पात्याची ओढ मात्र होती तेवढीच राहिली. मग तुकडा उडतो, नाहीतर गरगरतो, नाहीतर धरणाऱ्याचे बोट आपल्याबरोबर पात्याखाली घेऊन जातो. तुकडा जेवढा लहान तेवढे भय मोठे. आमच्या माणसांना हे उलटे वाटते. "एवढंसं तर हाय!" म्हणतात.

फळ्यावर खडूने हे सगळे काढून दाखवले. माना डोलावल्या. बाबलोने सर्वांत जास्त.

ता. ६, शुक्रवार

मेज कंबरेइतके उंच. आमचा सुतार जमिनीवर बसून काम करणारा. यावर बाबलोने यंत्र आले त्याच आठवड्यात तोड काढली होती. मेजाला लागून रुळांखालच्या जुन्या स्लीपरांचे मचाण रचले, आणि वर मांडी ठोकून बसला. यंत्र खाली येईना म्हणून हा वर गेला!

त्याला म्हटले, पाय दाखवा. तो लाजला. "पाय काय बगायचा मास्तर, चिखलातला." तरी पुढे केला. मी कागदावर काढून घेतला, एखादे हत्यार काढावे तसा. अंगठा बाकीच्या बोटांपासून चांगला सुटा, आतल्या अंगाला टणक घट्टा. कुंभारवाडा या गावी याची भातशेती. पावसाळ्याच्या तोंडाला शेतातला चिखल तुडवायचा तो याच पायांनी, आणि एरवी लाकूड धरायचे तेही यांनीच. रंधा मारताना, पटाशी चालवताना त्याचा बापही असाच बसत असे. त्या कामांत काही धोका नाही, कारण पटाशी थांबवली की थांबते.

हा पाय तुकडा कसा धरतो ते पाहिले. दोन्ही बाजूंनी दाब. वरून थोडा भार. टाच मेजावर रोवलेली, म्हणून सगळे स्थिर. म्हणजे माझ्या साधनात या तीन गोष्टी हव्यात.

झोप बरी नाही.

ता. ९, सोमवार

सापडले! इतके सोपे की स्वतःचाच राग आला. तुकडा लहान होण्याआधीच त्यावर काम करावे. लांब फळी घ्यावी, टोकाला खाच पाडावी, मग तेवढा तुकडा करवतीने कापून घ्यावा. पुन्हा टोक, पुन्हा खाच. हात नेहमी फळीच्या दूरच्या भागावर. दुपारपर्यंत पुष्कळ ठोकळे झाले, पायाची गरजच नाही. बाबलोसुद्धा म्हणाला, "हे बरं हाय."

मग दिवाणजी आले. शेठजींच्या वतीने वखार पाहतात ते अण्णाप्पा, खानापूरकडचे. तपकीर ओढत उभे राहिले.

"मास्तर, काय की हे?"

सांगितले.

"लांब फळी मुंबईला जायची. ती तुमी कापून बोटाएवढी करणार? कापणीतनं उरल्याल्या तुकड्यांचं काही व्हावं म्हणून तर हे यंत्र आणलंय की! शेठजींना तुमीच सांगितलंत."

मीच सांगितले होते. शब्दही जवळपास हेच.

ता. १०, मंगळवार

बा. पुन्हा मचाणावर. पाय पुन्हा मेजावर. मी पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागतो आणि कान मात्र भवऱ्याकडे. लाकडात उतरताना त्याचा सूर खाली येतो, बाहेर येताना वर चढतो. प्रत्येक वेळी तो चढेपर्यंत माझ्याने काही होत नाही.

ता. १५, रविवार

चवथीसाठी सगळे आपापल्या गावी. छपरी रिकामी, एंजिन थंड. बरे झाले असे आधी वाटले, पण रिकामपण मला सोसत नाही. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. मग छपरी उघडून प्रयोग.

सरस व कागद: मोठ्या फळीवर सरस लावावा, त्यावर कागद, कागदावर पुन्हा सरस, वर तुकडा चिकटवावा. वाळला की तुकडा फळीचाच भाग होतो, आणि काम झाल्यावर पटाशी हळूच घातली की कागद मधोमध फाटून तुकडा अखंड सुटतो. किती सुंदर युक्ती! घट्ट धरलेले पुन्हा सोडवता येणे हीच सगळी कला आहे. पण या हवेत सरस वाळतच नाही. काल चिकटवलेले आज बोटाने ढकलले तर सरकते आहे. येथे धुके दाराशी येऊन बसते.

राळेत बसवूनही पाहिले. धरते छान, पण थंडीत तडकते, आणि खाचेत राळ भरली तर…

नाही.

ता. १९, गुरुवार

माणसे परतली. बाबलोबरोबर त्याची बायको शेवंती, डोक्यावर तांदळाचे गाठोडे. त्याला इथे महिनोन्‌महिने राहायचे तर भात घरचा हवा. छपरीच्या दाराशी उभी राहून तिने भवरा पाहिला. बाबलो तिला दाखवण्यासाठी मुद्दाम मचाणावर चढला, आणि पाय पुढे.

 पाते वर गेल्यावर ती सरळ माझ्याकडे आली.

"मास्तर, ह्यो माणूस मी दोन पायांचा धाडलाय."

"होय बाई."

"तर मग दोन पायांचाच परत धाडायचा. पावसाच्या आधी भाताचा तरवा, मग चिखल, मग लावणी. माजा दीर मुंबईला. सासरे गेले. आणिक कुणाचे पाय हायत घरात?"

बाबलो वरून म्हणाला, "अगं, मास्तराला काय दम देतीस?"

"तुमास्नी दिऊन झाला. घरात दिला, वाटंत दिला. ऐकलासा?"

ती गेली तेव्हापासून मी लाकडाचे ठोकळे मांडतो आहे, मोडतो आहे.

ता. २३, सोमवार

झाले. आता भीत भीत लिहितो.

हेदीच्या जाड लाकडाचा ठोकळा, दोन विती लांब. मधोमध पोकळी कोरली, खिडकीच्या तुकड्याहून थोडी रुंद. तुकडा तीत बसवायचा, आणि एका बाजूस उरलेल्या फटीत निमुळती पाचर ठोकायची. पाचर जेवढी आत जाईल तेवढा तुकडा दोन्ही बाजूंनी आवळला जाईल. हा झाला अंगठा आणि शेजारचे बोट. ठोकळा स्वतः जड, हा झाला भार. त्याच्या दोन टोकांना शिंगांसारख्या दोन मुठी, पात्यापासून वीतभर दूर. मेजावर दोन पट्ट्या मारल्या, ठोकळा त्यांच्यामधूनच सरकतो, आणि दोन्ही टोकांना अडसर, म्हणजे खाच नेहमी सारख्याच लांबीची. ही झाली टाच. दांडा ओढायचे काम मात्र दुसऱ्या माणसाकडे दिले.

पाचरीची आवळणारी बाजू रंधलेली नाही, मुद्दाम खरखरीत ठेवली आहे. सगळा जीव त्या खरखरीत आहे. दोन खरखरीत अंगे एकमेकांना धरून ठेवतात.

पहिला तुकडा मी स्वतः केला.  खाच स्वच्छ पडली.

सर्वांना फळ्यावर समजावले. बाबलोने पाचर हातात घेऊन अंगठ्याने चाचपली. "एवढा शिकल्याला माणूस, आणि रंधा मारायचा इसरला."

माणसांनी त्याला पाळणा म्हणायला सुरुवात केली आहे. तुकडा आत निजतो म्हणून.

ता. २५, बुधवार

बा. पाळणा वापरतो, पण मचाणावरच बसून. पाय मांडीखाली दुमडलेला. म्हणतो, सवय. हरकत नाही.

दिवाणजी: "पायानं भरभर व्हायचं की! आता ठोका, काढा, पुन्हा ठोका. मालाची वाघीण उभी राहते मास्तर."

ता. ३०, सोमवार

दुसरा पाळणा केला. एकात काम चालू असता दुसऱ्यात तुकडा भरून तयार. आता पायाइतकेच भरभर होते. दिवाणजी उभे राहून पाहत होते. मग तपकीर मला पुढे केली. मी घेत नाही. आज घेतली, आणि शिंकून बेजार.

ता. ८ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस उघडला. आठवडाभर एकदाही पाय वर आला नाही. आनंद व्हायला हवा, होतोही. तरी सकाळी छपरीत शिरताना आधी नजर मेजाकडे जाते. हे कधी थांबेल?

ता. १९, शनिवार. खंडेनवमी

काल छपरी धुतली, आज हत्यारांची पूजा. करवती, वाकस, पटाशा, रंधे हारीने मांडले, भवऱ्याच्या खांबाला झेंडूची माळ, आंब्याची पाने. आणि मधोमध, सर्वांत पुढे, दोन्ही पाळणे! हळद, कुंकू, फुले. लाकूड कसे तुकतुकीत दिसत होते, हेदीचा पिवळा रंग नुसता उजळला होता. बाबलोने नारळ माझ्या हाती दिला.

"तुमी फोडा. तुमचं हत्यार हाय."

 त्या क्षणी वाटले, आता हे यांचे झाले. फळ्यावर खडूने जे झाले नसते ते झाले. बाबलोने मचाणावरून उतरून जमिनीवर डोके टेकले, पाळण्यालाही हात लावून तो कपाळाला नेला.

कितीतरी दिवसांनी आज पोटभर जेवलो.

ता. २१, सोमवार

दसऱ्यानंतरचा पहिला दिवस.

पट्टा चढवला. बाबलोने पाळण्यात तुकडा ठेवला, पाचर ठोकली. एका टोल्यातच खोलवर गेली. "आज कशी सुरेख बसली," तो म्हणाला. मलाही तसेच वाटले. पाते उतरले, सूर खाली आला, आणि मग काहीतरी चुकीचे ऐकू आले, एक खटका. पाचर आपोआप मागे सरकून बाहेर पडली, तुकडा पात्याबरोबर उठला आणि उडाला. बाबलो मचाणावर बसलेला, त्याचे तोंड बरोबर त्याच उंचीवर.

वरचा ओठ फाटला. पुढचा दात अर्धा गेला. स्टेशनावरच्या कंपाउंडरने टाका घातला. रक्त पुष्कळ. डोळा वाचला एवढेच. दोन बोटे वर लागला असता तर…

 जाताना बाबलोने वळून पाळण्याकडे पाहिले, एखाद्या ओळखीच्या माणसाने फसवावे तसे.

ता. २२, मंगळवार

कारण सापडले. पाचर हातात घेतली आणि बोट तिच्यावरून घसरले. तेल.

शुक्रवारी, पूजेच्या आदल्या दिवशी, सगळ्या हत्यारांना करंजेल चोळले. दर नवमीला चोळतात. लोखंडाला गंज लागू नये, लाकडी दांडे फुटू नयेत. पाळणे नवे, त्यांचा पहिला मान; बाबलोने स्वतः फडके घेऊन आतून-बाहेरून, पोकळीत, पाचरीवर, मुरेपर्यंत चोळले. तीच ती तुकतुकी, जी पाहून माझे मन भरून आले होते. तेलामुळेच पाचर एका टोल्यात आत गेली, आणि तेलामुळेच बाहेर आली.

त्याच्या खोपीत गेलो. ओठ सुजून कानापर्यंत. म्हटले, "मेस्त, तेल लावायचे नव्हते."

"नवं हत्यार. पयली नवमी. त्याला कोरडं ठिवायचं? कुटल्या घरात ठेवत्यात?"

"पण त्याचा सगळा जीव खरखरीत…"

"मग तसं सांगायचं. एवढं फळ्यावर काडलासा, बाण काडलासा, आकडे काडलासा. तेल नको एवढं न्हाई काडलासा."

 

मी उठलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माज्या पायानं माजा दात कदी पाडला न्हाई."

ता. २४, गुरुवार

नवा पाळणा केला. पाचरीला खडूची भुकटी. मी स्वतः सकाळभर चालवला, पाचर केसभर हलली नाही.

दुपारी बाबलो आला. माझ्याकडे पाहिले नाही. मचाणावर चढला, पाळणा उचलून जमिनीवर ठेवला, फार हळू ठेवला, आणि पाय मेजावर घेतला.

"मेस्त."

ऐकले नाही.

"मेस्त, उतरा खाली."

पाते उतरू लागले. मी एंजिनाकडे धावलो आणि काठीने पट्टा चाकावरून पाडला. भवरा घरघरत थांबला.  बाहेर कुणीतरी लाकूड तोडत होते तेवढे ऐकू येत होते.

"मेजावर पाय असेल तोवर पट्टा चढणार नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

ता. २५, शुक्रवार

पट्टा खाली. बा. मचाणावर बसून राहिला. मी पट्ट्याजवळ उभा.

दिवाणजी तीनतीनदा आले. "मास्तर, त्याचा पाय, त्याची खुशी. तुमचं काय जातंय?" मग, "वाघीण रिकामी गेली तर शेठजींना काय सांगू?" मग, "शेठजींना तार केलीय."

करा.

बाबलोला राग कशाचा आहे? दाताचा नाही. त्याने पाळण्याला हात लावून कपाळाला नेला होता.

ता. २६, शनिवार

दाताची बातमी कुंभारवाड्याला पोचली. शेवंती आली. आधी नवऱ्याचे तोंड धरून उजेडाकडे वळवले, निरखून पाहिले, आणि हसू लागली.

"दाराची फळीच काडून ठिवली की! तंबाकू आता आपसूक आत जाईल."

तोही हसला, ओठ दुखला, शिवी दिली. कितीतरी दिवसांनी छपरीत कुणी हसले.

मग तिने विचारले, पट्टा का खाली आहे. कुणीतरी सांगितले. ती मचाणाखाली जाऊन उभी राहिली.

"दात गेला, बरं झालं. दुसरा हाय शेजारी. पाय दुसरा घेऊन काय एका पायावर नाचायचं शेतात?"

"पाळणा दगा देतो," तो म्हणाला.

"तेल तुमी लावलासा, आणि दगा त्यानं दिला व्हय?"

मग माझ्याकडे वळून, ही पांढरी भुकटी काय? खडू, म्हटले. तर म्हणाली, चुलीतली राख घ्या की. मासा साफ करताना हातातून सुटू नये म्हणून राख लावतात, तशी. मला हसूच आले, किती योग्य! राख बारीक, कोरडी, तेलही शोषते, आणि रोज ताजी मिळते. मी लगेच सगळ्यांना समजावू लागलो.

बाबलो वरून म्हणाला, "पुजल्याल्या हत्याराला राख?"

"देवळात कपाळाला लावतासा, तवा चालती?"

 तो खाली उतरला. लघवीला उतरला की आणखी कशाला, कळले नाही. परत मचाणावर मात्र चढला नाही. दाराशी बसून तंबाखू मळत राहिला.

ता. २८, सोमवार

आज सकाळी बाबलो मेजाशी उभा. उभा! मचाणाला पाठ टेकून. मी पट्टा चढवला. त्याने पाचरीला राख फासली, ठोकली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. दोन्ही मुठी धरल्या. पाते उतरले.

मी पाते पाहतच नव्हतो. त्याच्या उजव्या पायाकडे पाहत होतो. प्रत्येक खाचेला जमिनीवरचा अंगठा शेजारच्या बोटाला घट्ट आवळत होता. धरायला काही नसताना.

दुपारी शेठजींची तार. उद्याच्या गाडीने बेळगावास या. दिवाणजींनी ती माझ्या हातात दिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मास्तर येईतोवर काम मी बघतो. वाघीण भरायची हाय. ज्याला जसं जमतंय तसं करा, मला ठोकळे पायजेत."

शेवंती म्हणाली, मी दारात बसते. दिवाणजी म्हणाले, बायकांना छपरीत मज्जाव. "छपरीत कुटं? दारात," ती म्हणाली. "दारातही," ते म्हणाले. उद्या ती गावी परत.

संध्याकाळी बाबलोला गाठले.

"मेस्त, मी नसताना पाय वर घ्यायचा नाही. वचन द्या."

"वचन देवाला देत्यात मास्तर."

"मग मला काय देता?"

त्याने तंबाखू मळली. मग म्हणाला, "तुमी जाऊन या. गाडी चुकंल."

गाडी सकाळची आहे.

ता. २९, मंगळवार. लोंढा

येथे गाडी बदलायची. बेळगावची यायला अवकाश आहे. बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

शेठजींना काय सांगायचे ते मनात रचून ठेवले आहे: मुद्दे, त्यांची कारणे, नकाशाही बरोबर आहे. गेलो नाही तर जागा जाईल. जागा गेली तर पट्टा पाडणारे तेथे कोणीच राहणार नाही. म्हणून जायलाच हवे, हे अगदी सरळ आहे. आणि सरळ असूनही पाय बेळगावच्या फलाटाकडे वळत नाहीत.

या घटकेला एंजिन तापले असेल. दिवाणजी छपरीत उभे असतील. मचाण आहे तसेच आहे; काल ते मोडून टाकावे हे सुचले नाही, आणि सुचले असते तरी मोडले असते का? तो त्याचा बसायचा पाट आहे.

ओठाची सूज उतरली होती. बोलताना त्या अर्ध्या दातातून वारा जातो, आणि त्याचे त्यालाच हसू येते.

समोरच्या रुळावर कॅसलरॉकवरून घाट उतरणारी मालगाडी उभी आहे. गार्ड ओळखीचा, त्याने विचारले, "मास्तर, इकडे की तिकडे?" म्हटले, सांगतो.

बेळगावच्या गाडीचा सिग्नल पडला. मालगाडीच्या एंजिनाने पाणी घेऊन झाले. पिशवी हातात घेऊन उभ्यानेच लिहितो आहे.